सहाव्या माळेचं पीठ

वसमत तालुक्यातल्या एका शेतकरी घरात नवरात्रात झालेल्या विषबाधेचं हे प्रकरण. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली ती नाव-गाव न देण्याच्या अटीवर. मी गृहविज्ञान शिकवते. बचत गटाच्या बैठकांमुळे त्या गावात माझं जाणं-येणं आहे, म्हणून घटनेनंतर तिसऱ्याच दिवशी या घरच्या स्वयंपाकघरात बसून सगळं विचारता आलं आणि डबेही उघडून बघता आले.

घरात आठ माणसं. आजी-आजोबा, थोरला मुलगा आणि त्याची बायको, त्यांची दहा वर्षांची मुलगी, धाकटा मुलगा आणि त्याची बायको, त्यांचं तीन वर्षांचं पोरगं. हळद उभी, सोयाबीन काढणीला आलेलं. नवरात्र आणि सोयाबीनची काढणी आपल्याकडे बऱ्याचदा एकाच आठवड्यात गाठ घालतात, त्यात परतीचा पाऊस. मजूर मिळत नाही म्हणून घरचेच हात कामाला. ही घाई या प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

सहाव्या माळेला थोरला, थोरली आणि आजी सकाळीच रानात गेले. शाळेला सुट्टी म्हणून मुलगीही सोबत. धाकटीने दहाच्या सुमारास भगरीच्या पिठाच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची आमटी आणि दही दिलं. धाकटा डबा घेऊन गेला. एकच्या सुमाराला बांधावर सगळे जेवले. अडीचच्या आत थोरलीला मळमळू लागलं. "आधी तोंड कोरडं पडलं, मग हात थरथर करायले. मला वाटलं ऊन लागलं," असं तिने सांगितलं. मग आजीला चक्कर, थोरल्याला उलट्या, मुलीला उलट्या आणि पोटात कळ. कुणीतरी मिठाचं पाणी पाजून आणखी उलटी करायला लावली. हे कधीही करू नये. उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, शिवाय अंगातलं पाणी आणि क्षार आणखी कमी होतात. चारच्या सुमाराला चौघंही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होती. सलाईन, उलटीवर इंजेक्शन, रात्रभर देखरेख. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे घरी आले. आजीला आणखी चार दिवस अशक्तपणा राहिला.

एवढ्यावर गाव मोकळं झालं असतं. पण धाकटीला काहीच झालं नव्हतं, आणि भाकरी थापणारी तीच. पुढचं काय झालं असेल ते सांगायची गरज नाही. मी गेले तेव्हा ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. नंतर एकटी सापडल्यावर म्हणाली, "ताई, दवाखान्यात सगळ्यांच्या नजरा माझ्यावरच व्हत्या. सगळे पडले अन् हीच कशी बसली, असं."

कोणी काय खाल्लं

विषबाधेत पहिला प्रश्न "काय बिघडलं असेल" हा नसतो. पहिला प्रश्न "कोणी काय खाल्लं आणि कोणी काय नाही" हा असतो. अंदाज बांधायला बसलं की सगळ्यांचं बोट आमटीकडे किंवा दह्याकडे जातं, कारण ओलं ते आंबतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. या घरातही आमटीवरच संशय होता. दहा वाजता केलेली, बंद डब्यात, रानातल्या उन्हात तीन तास. शक्यता होतीच.

मग आम्ही अंगणात बसून एकेकाचं ताट आठवलं. आजोबांचे उपवास उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या माळेला. त्या दिवशी त्यांनी घरी ज्वारीची भाकरी आणि पिठलं खाल्लं, त्यांना काही नाही. धाकटा उपवास करत नाही. डबा घेऊन गेला तेव्हा त्याने रानात ज्वारीची भाकरी त्याच आमटीशी खाल्ली, वर दहीही घेतलं, त्यालाही काही नाही. इथेच आमटी आणि दही दोन्ही सुटले. लहान पोरगं दूध-केळ्यावर. धाकटी नऊ दिवस उपवास करते, पण सगळ्यांचे डबे भरल्यावर तिच्यापुरतं पीठ उरलं नव्हतं. तिने बंद पाकिटातली भगर काढून भात शिजवला आणि आमटीसोबत खाल्ला. म्हणजे ती वाचली ती पीठ संपलं म्हणून. आजारी पडलेल्या चौघांत एकच गोष्ट समान निघाली, पिठाची भाकरी. थोरल्याने तीन खाल्ल्या, त्याला सगळ्यात जास्त त्रास. मुलीने अर्धी साखरेशी खाल्ली, तीही उलटली.

हे सगळं आजीसमोर मुद्दाम मोठ्याने बोलले. आजी ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, पयल्या माळंला ह्याच डब्यातल्या पिठाच्या भाकरी खाल्लाव आमी. दुसऱ्या माळंला बी. तवा कामून काही झालं नाही?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर डब्यात होतं.

डबा

पीठ शिल्लक नव्हतं. शेजारणींनी त्याच संध्याकाळी डबा उकिरड्यावर झटकला आणि राखेने घासून ठेवला. काळजीपोटी केलं, पण तपासणीला द्यायला चमचाभर पीठही उरलं नाही. असं काही घडलं तर उरलेलं अन्न आणि पीठ पिशवीत घट्ट बांधून वेगळं ठेवावं आणि दवाखान्यात सांगावं. अन्न व औषध प्रशासनाला नमुना मिळाला तरच नक्की कोणतं विष ते कळतं. इथे ते कळलं नाही. पुढचं सगळं मी दोन वस्तूंवरून आणि घरच्यांच्या सांगण्यावरून मांडते आहे.

पहिली वस्तू म्हणजे डब्याचं झाकण. डबा घासला होता, झाकण खिडकीत तसंच राहिलं होतं. उलटं करून बघितलं तर कडेच्या घडीत पिठाचा थर बसलेला, कोरडा नाही, लिंपल्यासारखा. नखाने टोकरला तर पापुद्रा निघाला, आतून करडा-हिरवट. वास जुन्या ओल्या पोत्याचा.

दुसरी वस्तू फडताळात मागे सरकलेलं भगरीचं पाकीट, श्रावणात फोडलेलं, तोंड पिळून रबर लावलेलं. आत दाण्यांच्या गुठळ्या आणि त्यांना किड्यांनी विणलेली जाळी.

मग धाकटीने सगळा क्रम सांगितला. श्रावणी सोमवारांसाठी भगर दळून आणली होती. सगळी संपली नाही, डब्याच्या तळाशी तीन-चार वाट्या पीठ राहिलं. नवरात्राच्या दोन दिवस आधी दुकानातून दोन किलो सुटी भगर आणली. खडे असतील म्हणून धुतली. बाहेर पाऊस, त्यामुळे घरातच सुती लुगड्यावर पंख्याखाली वाळवली. रात्रभरात हाताला कोरडी लागली. सकाळी गिरणीत दिली. गिरणीवाला उपवासाचं दळण एकाच दिवशी एकत्र घेतो, मग पुन्हा ज्वारी-गहू. त्यामुळे नऊ दिवसांचं एकदाच. घरी आणलं तेव्हा पीठ चांगलं गरम होतं. ते तसंच डब्यात ओतलं, जुन्या पिठावर, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण घट्ट दाबलं. डबा माठाच्या शेजारी.

यातली एकही गोष्ट गैर वाटत नाही, हीच अडचण. धुणं, झाकण लावणं, उरलेलं वाया न घालवणं, हे सगळं चांगल्या गृहिणीचंच लक्षण.

आता पिठाच्या बाजूने बघू. दाणा हाताला कोरडा लागला तरी आत पाणी असतं. धान्य टिकायचं तर त्यातलं पाणी साधारण बारा-तेरा टक्क्यांच्या वर नको. धुतलेली भगर पावसाळी हवेत पंख्याखाली तिथवर उतरत नाही. दळल्यावर दाण्याची राखण करणारं आवरण जातं आणि हवेला उघडा भाग कैकपटीने वाढतो. गिरणीत तापलेलं पीठ बंद डब्यात निवत जातं तशी त्यातली वाफ झाकणाला थंड होऊन थेंब होते. ते थेंब कडेच्या घडीत आणि डब्याच्या बाजूंवरून खाली जातात. खाली श्रावणातलं जुनं पीठ, आधीच दोन महिने सादळलेलं, बुरशीचे बीजाणू असलेलं. त्याला वरून ऊब मिळाली आणि ओलही. बुरशीला याहून काय हवं? त्यात रोज भाकरी थापता थापता ओल्या हाताने वाटी आत.

आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर: पहिल्या माळेपासून पाचव्या माळेपर्यंत सगळ्यांनी वरचं पीठ खाल्लं. सहाव्या माळेला धाकटीने डबा आडवा करून तळ खरवडला. एकाच डब्यातलं असलं तरी ते एकच पीठ नव्हतं. बुरशीचं विष सगळीकडे सारखं पसरत नाही, कुठे मूठभर जागेत भरपूर, कुठे अजिबात नाही. वरून चिमूटभर चाखून पीठ चांगलं ठरवता येत नाही ते यामुळेच.

तव्याने का वाचवलं नाही

"चांगल्या खरपूस भाजल्या होत्या की," असं थोरला म्हणाला. हा समज घरोघरी आहे, शिजलं म्हणजे शुद्ध झालं. शिजवल्याने बुरशी मरते हे खरं. पण तिने आधीच सोडलेलं विष हा सजीव नव्हे, तो रासायनिक पदार्थ. तवा कितीही तापला तरी भाकरीच्या आत ओल आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही. अफ्लाटॉक्सिनसारखी बुरशीची विषं त्याच्या दुपटीहून जास्त उष्णतेलाही तग धरतात. भाकरी कोळसा झाली तरच काही फरक पडेल.

भगरीच्या बाबतीत अन्न व औषध प्रशासन नवरात्र, महाशिवरात्रीच्या आधी जी सूचना काढतं, तिच्यात अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी आणि फ्युमिगाक्लेविन नावाच्या विषाचा उल्लेख असतो. ऑक्टोबरची उष्ण, दमट हवा या बुरशीला पोषक असल्याचंही त्यात म्हटलेलं असतं. फ्युमिगाक्लेविन हे अरगट या बुरशीच्या विषांच्या कुळातलं. बाजरीच्या कणसावरचा अरगट शेतकऱ्यांना ओळखीचा आहे. अरगटची विषं पोटासोबत मज्जासंस्थेवरही काम करतात. हात थरथरणं, तोंडाला कोरड, चक्कर ही लक्षणं नुसत्या आंबलेल्या अन्नाची वाटत नाहीत, त्यांचा मेळ इथे बसतो. वेळेचाही बसतो. जेवल्यावर तासा-दीडतासात त्रास सुरू झाला, म्हणजे विष अन्नात तयारच होतं. साल्मोनेलासारखा जंतू आधी पोटात वाढतो, मग त्रास देतो, त्याला निदान पाच-सहा तास तरी लागतात, बऱ्याचदा दिवस.

मराठवाड्याला हे नवं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला धार्मिक कार्यक्रमात भगर-आमटीचा फराळ करून दोन हजारांच्या आसपास लोकांना त्रास झाल्याच्या बातम्या होत्या. तेवढ्या माणसांचं झालं की बातमी होते. एका घरातल्या चौघांचं झालं की सुनेवर शेकतं.

ज्वारीला जे कळतं ते भगरीला का कळत नाही

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलं ते हे. या घरातल्या बायका पिठाच्या बाबतीत अडाणी नाहीत. ज्वारीचं दळण त्या आठ दिवसांच्या वर आणत नाहीत. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी वेगळी काढायची, हे आजीला कुणी शिकवावं लागत नाही. मग भगरीलाच दोन महिने कसे चालले?

मी आजीलाच विचारलं, ज्वारीचं पीठ जुनं झालं हे कशावरून ओळखता. ती म्हणाली, "विरी जाती की. भाकर थापाया घेतली की फाटती." विरी म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा. हेच ते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की परातीत थापतानाच सांगतं. भाकरीच्या कडा चिरतात, उचलताना तुटते, बाई म्हणते पीठ बदला. ती धोक्याची घंटा स्वयंपाकाच्या कामातच बसवलेली आहे. भगरीच्या पिठाला मुळातच विरी नसते. म्हणून आपण ते उकळत्या पाण्यात उकडून घेतो, नाहीतर उकडलेला बटाटा कुस्करून मळतो. मग ताजं काय नि जुनं काय, सारखंच थापलं जातं. वास असला तर मिरची-जिरं आणि गरम आमटी तो झाकते. चव किंचित कडवट लागल्याचं थोरलीला आठवलं, पण "उपवासाचं असंच लागतं" म्हणून तिने खाल्लं.

दुसरं असं की भगर ही स्वयंपाकघरातली पाहुणी. ज्वारीचा डबा आठवड्याला रिकामा होतो, पुसला जातो, पुन्हा भरतो. भगरीचा वर्षातून पाच-सहा वेळा उघडतो. आणि उपवासाची म्हणून ती सोवळ्यातली, तिच्यावर संशय कोण घेणार? या घरात उपवासाच्या डब्याला ज्वारीच्या पिठाचा हात लागू नये याची काटेकोर काळजी होती. ओल लागू नये याची नव्हती. रागाने म्हणत नाही, पण देव्हाऱ्यापुढे नऊ दिवस घट बसवणाऱ्या घराने डब्याचा तळ एकदा बघायला काय हरकत होती?

पुढच्या माळांना

सातवी-आठवी माळ चौघांनी राजगिरा लाडू, ताक आणि फळांवर काढली. दवाखान्यातून ओआरएसची पाकिटं दिली होती. एक पाकीट एक लिटर पाण्यात, घोट-घोट. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल किंवा थरथर, गुंगी असेल तर घरी थांबायचं नाही.

दिवाळीनंतर बैठकीत आम्ही या घरासाठी नवी रीत ठरवली. तिथेही वाद झालाच. थोरली म्हणाली, दोन-दोन दिवसांचं दळायला गिरणीत कोण जाणार? बरोबर आहे, काढणीच्या दिवसांत कुणालाच सवड नाही. तोडगा धाकटीने काढला: दळूच नये, लागेल तेवढं मिक्सरला फिरवावं. भगरीचा दाणा एवढासा, वाटीभर दोन मिनिटांत बारीक होतो. आम्ही तिथेच करून बघितलं. आधी कढईत मंद आचेवर कोरडी भाजली, दाणा फुगून पांढरा होईपर्यंत, मग ताटात पूर्ण निववली. भाजल्याने उरलेली ओल जाते आणि पीठही बारीक येतं. लाल होऊ द्यायची नाही, भाकरी चरचरीत होते. आजीला भाजलेल्याची भाकरी आवडली, पण तसं ती सुनेला म्हणाली नाही. मला म्हणाली.

धुणं बंद केलेलं नाही, त्याची वेळ बदलली. भातासाठी भगर शिजवायच्या आधी धुवायची, साठवायच्या आधी नाही. खडे निवडून काढायचे. खरेदी बंद पाकिटाची, पॅकिंगची आणि वापरायची शेवटची तारीख बघून, आणि त्या सणापुरतीच. तयार सुटं पीठ तर घ्यायचंच नाही, ते कधी दळलं आणि त्यात काय मिसळलं ते दुकानदारालाही माहीत नसतं. डबा नव्याने भरायच्या आधी पूर्ण रिकामा, धुऊन उन्हात कडक वाळवलेला. जुन्यावर नवं ओतायचं नाही. हा शेवटचा नियम मिठाचा डबा सोडून कुठल्याही डब्याला लागू आहे, बेसनालाही आणि शेंगदाण्याच्या कुटालाही. कुटाचं तर मला भगरीइतकंच भय वाटतं, कारण शेंगदाण्यावर अफ्लाटॉक्सिनची बुरशी सहज धरते. खवट किंवा काळपट-सुरकुतलेला दाणा निवडून फेकावा, कुटात घालून संपवू नये.

फ्रिजबद्दल एकीने विचारलं. पीठ हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवता येतं, पण थंडगार डबा बाहेर काढून तसाच उघडला की दमट हवेतलं पाणी पिठावरच धरतं. रोज असं केलं तर फ्रिजमध्ये ठेवूनही पीठ सादळतं. छोट्या-छोट्या पुड्या करून एकावेळी एकच काढावी, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडावी. गावात दिवसाचे किती तास लाइट असते ते बघता मला तरी मिक्सरचाच मार्ग बरा वाटतो, तोही लाइट असेल तेव्हा. नाहीतर खलबत्ता आहेच.

धाकटीबद्दल घरात उघड कुणी काही बोललं नाही, माफी वगैरे तर दूरच. महाशिवरात्रीला भगर आणायला थोरला गेला तेव्हा पाकिटावरची तारीख त्याने फोनवर तिला वाचून दाखवली, एवढं मात्र आजोबांनी मला आवर्जून सांगितलं.

श्रावणातलं ते जाळी लागलेलं पाकीट मी बघितलं तेव्हा अजून अर्धं भरलेलं होतं. थोरल्याने विचारलं, "टाकून कशाला द्यायचं, गाईला घालू का?" घालू नये. बुरशीचं विष जनावरालाही बाधतं, आणि अफ्लाटॉक्सिन असेल तर त्याचा अंश गाईच्या दुधात उतरतो, ते दूध पुन्हा त्याच घरातलं तीन वर्षांचं पोरगं पिणार. कोंबड्यांनाही नको. त्याने परसात हातभर खड्डा घेतला, पाकीट फाडून आतली भगर त्यात टाकली, वर पाणी आणि माती.